‘तलवार’वरचे दहा दिवस



आजचा विषय मी ठरवला नव्हता, तो एका फोनमुळे ठरला. माझा भाचा बंगळुरूला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्याच्या हाताखाली अकरा जण काम करतात. एका शनिवारी सकाळी त्याचा फोन आला. म्हणाला, "मामा, माझ्याविरुद्ध तक्रार गेलीय. चौघांनी सही करून दिलीय. मी मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत अपमान करतो, असं लिहिलंय. सोमवारी मला उत्तर द्यायचंय."

मी विचारलं, "करतोस का?"

थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "काम बिघडलं की बोलतो. तुम्ही लष्करात बोलत नव्हतात? आणि गंमत बघा, कंपनीने याच लोकांना मनःशांतीचा वर्ग लावून दिलाय. आठवड्यातून एक तास डोळे मिटून बसतात. तरी तक्रार करतात."

यापैकी सही करायला सुरुवात कोणी केली, हे त्याला शोधून काढायचं होतं. मी त्याला म्हटलं, "ते सोमवारपर्यंत ठेव बाजूला. आधी एक गोष्ट ऐक. त्या गोष्टीतही एक शनिवार आहे आणि एक सोमवार आहे." त्या दिवशी त्याला जे सांगितलं, तेच आज तुमच्यासमोर जरा नीट मांडतो.

गोष्ट फेब्रुवारी १९४६ ची, मुंबईतली. कुलाब्याला रॉयल इंडियन नेव्हीचं एक केंद्र होतं, नाव ‘तलवार’. नाव जहाजाचं असलं तरी ते जमिनीवरचं ठाणं होतं. तिथे नौदलाच्या सिग्नलवाल्यांना शिक्षण मिळायचं. मी स्वतः सिग्नलचा माणूस, त्यामुळे या मुलांविषयी मला आधीपासून जवळीक वाटते. सिग्नलवाला शिकलेला असतो. त्याला इंग्रजी वाचता येतं, तो दिवसभर दुसऱ्यांचे संदेश ऐकतो आणि पाठवतो. जगात काय चाललंय हे त्याला इतरांच्या आधी कळतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी आपलं नौदल अगदी लहान होतं, खलाशी दोन हजारांच्या आतबाहेर. युद्धात ते पंचवीस हजारांच्या पुढे गेलं. भरतीच्या वेळी या पोरांना पगाराची, बढतीची, युद्धानंतरच्या नोकरीची बरीच स्वप्नं दाखवली गेली. आत आल्यावर निकृष्ट जेवण, दाटीवाटीच्या बराकी, गोऱ्या खलाशांपेक्षा कमी पगार, आणि अनेक अधिकाऱ्यांकडून रोजची तुच्छता. युद्ध संपल्यावर आता घरी कधी पाठवणार आणि घरी जाऊन खायचं काय, याचं उत्तर कोणी देत नव्हतं. बाहेर दिल्लीच्या लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला चालला होता आणि सारा देश तो कान लावून ऐकत होता.

१ डिसेंबर १९४५ ला नौदल दिन होता. शहरातल्या लोकांना ठाणं दाखवायचं होतं. त्या दिवशी सकाळी ‘तलवार’च्या भिंतींवर ‘चले जाव’सारख्या घोषणा रंगवलेल्या सापडल्या. पुढे फेब्रुवारीच्या सुरुवातीला बी. सी. दत्त हा टेलिग्राफिस्ट पकडला गेला आणि त्याला कोठडीत टाकलं. त्याच सुमारास ठाण्यावर नवा कमांडिंग ऑफिसर आला होता, कमांडर किंग.

आता जरा किंगच्या जागी उभं राहून बघू. आपण त्याला खलनायक ठरवून मोकळे झालो, तर या गोष्टीतून आपल्याला काहीच मिळणार नाही. नवी जागा. आधीच्या माणसाच्या काळात शिस्त ढिली पडली, असा वरचा समज. भिंतीवर घोषणा. आत कोण राजद्रोही आहे हे ठाऊक नाही. वरून डोळे लागलेले. अशा वेळी माणूस आतून घाबरलेला असतो आणि बाहेरून आवाज चढवतो. मी हे अनेक ठिकाणी पाहिलंय. आरशातही पाहिलंय.

८ फेब्रुवारीला नौदलातल्या महिला कर्मचारी बराकीजवळून जात असताना काही खलाशांनी आवाज काढले, शेरे मारले. हे वागणं चूकच होतं. कुठल्याही कमांडरने ते तिथल्या तिथे थांबवायला हवं होतं, दोषींना शिक्षा करायला हवी होती. म्हणजे बघा, किंगची मूळ बाजू बरोबर होती. पण तो बराकीत शिरला आणि समोर असलेल्या सगळ्यांना त्याने शिव्या घातल्या. कुलींची पोरं, जंगली, आणि त्याहून वाईट, अशा शब्दांची तक्रार त्याच्याविरुद्ध झाली.

इथे थांबून नीट पाहा. शेरे मारले होते मूठभरांनी, शिवी बसली साऱ्या बराकीला, आणि तीही आईबापांवरून आणि वंशावरून. एका क्षणापूर्वी त्या बराकीतही दोन गट पडले असते. काही जण म्हणाले असते, त्या पोरांनी चुकीचं केलं, आपल्या सगळ्यांना कमीपणा आणला. शिवीनंतर तसं म्हणणारा कोणी उरला नाही. महिलांशी कसं वागावं हा प्रश्न मागे पडला आणि साहेब आपल्याला माणूस समजतो की नाही, हा प्रश्न पुढे आला.

संघटनांचा अभ्यास करणारे लोक आज भांडणाचे दोन प्रकार सांगतात. एक कामावरून होणारं भांडण, दुसरं माणसावरून होणारं. पहिलं बऱ्याचदा उपयोगी पडतं, त्यातून चूक सापडते. दुसरं फक्त जाळत जातं. अपमान करणारा वरिष्ठ पहिल्या भांडणाचं दुसऱ्यात रूपांतर करतो, आणि हे व्हायला एक वाक्य पुरतं.

पुढचे दहा दिवस माझ्या मते या साऱ्या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे. खलाशांनी लगेच दगड उचलले नाहीत. काही जणांनी नियमाप्रमाणे कमांडरविरुद्ध लेखी तक्रारी केल्या. एकत्र तक्रार करणं म्हणजे बंडाची चाहूल समजली जाते, म्हणून प्रत्येकाने वेगवेगळी केली. गुलाम देशाच्या नौदलातला पोरगा नियमावर एवढा विश्वास ठेवतो, याचं मला आजही नवल वाटतं. पण तक्रार जायची कुठे? ज्याच्याविरुद्ध आहे, त्याच्याचकडे. आठवडा तसाच गेला. १६ फेब्रुवारीला, शनिवारी, ते तक्रारदार किंगसमोर उभे राहिले. खोटी तक्रार करणं हा गंभीर गुन्हा आहे, पुन्हा विचार करा, असं त्यांना सांगण्यात आलं. विचार करायला वेळ दिला गेला तो त्यांना. खरं तर त्या वेळेची गरज टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होती.

सोमवारी, १८ तारखेला सकाळी, ‘तलवार’वरच्या मुलांनी नाश्ता नाकारला आणि कामावर जायलाही नकार दिला.

दुपारी मुंबईचे फ्लॅग ऑफिसर रिअर अॅडमिरल रॅट्रे स्वतः आले. किंगला हलवण्याची तयारी दाखवली गेली, जागेवर दुसरा अधिकारी नेमलाही. पण तोवर किंग हा विषय राहिलाच नव्हता. जेवण, पगार, गोऱ्यांच्या बरोबरीने वागणूक, युद्धानंतरची सुटका, आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची मुक्तता, इंडोनेशियातून भारतीय फौजा परत आणणं, अशी मागण्यांची यादी तयार झाली. ८ तारखेला जे एका माफीत मिटलं असतं, ते १८ तारखेला बदलीनेही मिटेना.

पुढचं आपल्यापैकी अनेकांनी वाचलेलं आहे. १९ तारखेला बंदरातल्या जहाजांवर संप पसरला. युनियन जॅक खाली आला आणि काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्ट पक्ष यांचे झेंडे एकत्र चढले. संप समिती निवडली गेली. अध्यक्ष सिग्नलमन एम. एस. खान, उपाध्यक्ष टेलिग्राफिस्ट मदन सिंग. एक मुसलमान, एक शीख, दोघे सिग्नलवाले. बिनतारी यंत्रं त्यांच्याच हातात होती, त्यामुळे बातमी कराची, कलकत्ता, मद्रास, विशाखापट्टणम अशी सगळीकडे गेली. सुमारे ७८ जहाजं, किनाऱ्यावरची २० ठाणी आणि २०,००० खलाशी यात उतरले, असा आकडा दिला जातो. २१ तारखेला कॅसल बराकीत गोळीबार झाला. नौदलप्रमुख व्हाइस अॅडमिरल गॉडफ्रे यांनी रेडिओवरून बजावलं की, नौदल नष्ट करावं लागलं तरी चालेल, पण बंड मोडून काढू. हे गॉडफ्रे महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या हेरखात्याचे प्रमुख होते. शत्रूच्या पाणबुड्यांची खबर ठेवणाऱ्या माणसाला आपल्याच बराकीत काय शिजतंय याचा अंदाज आला नाही.

मुंबईचे गिरणी कामगार आणि सामान्य लोक रस्त्यावर उतरले. कराचीत ‘हिंदुस्तान’ जहाज आणि किनाऱ्यावरच्या तोफा यांच्यात मारामारी झाली. सरदार पटेलांनी खलाशांना शस्त्रं खाली ठेवायचा सल्ला दिला आणि २३ तारखेला मुंबईतल्या जहाजांनी शरणागतीचे काळे झेंडे चढवले. मुंबईच्या रस्त्यांवर दोनशेहून जास्त नागरिक मेले. २७ तारखेला जबलपूरच्या लष्करी सिग्नल केंद्रातले जवानही मोर्चा काढून बाहेर पडले. नौदलातून ४७६ जणांना काढून टाकण्यात आलं.

मी वर्दीतला माणूस. हुकूम मोडणाऱ्याच्या बाजूने बोलणं मला जड जातं. पण हा उठाव स्वातंत्र्याच्या इतिहासात मानाने लिहिला गेला आणि तसाच लिहिला जावा, असं मला वाटतं. तो केवळ एका अधिकाऱ्याच्या तोंडामुळे झाला, असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं त्या मुलांच्या देशप्रेमाचा अपमान होईल. मी एवढंच म्हणतो की दारू आधीपासून साठलेली होती, आणि ती साठलेली आहे हे ओळखणं हेच कमांडरचं काम होतं. पुढे न्यायमूर्ती फजल अली यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. हेच फजल अली पुढे राज्य पुनर्रचना आयोगाचे अध्यक्ष झाले, त्यामुळे मराठी माणसाला हे नाव चांगलंच ठाऊक आहे. त्या आयोगाने मूळ कारण काय सांगितलं? बराच काळ न सोडवलेल्या तक्रारींतून आलेला असंतोष, आणि त्याला राजकीय परिस्थितीने दिलेली धार.

त्याच काळात, त्याच राजवटीत, दुसरं एक उदाहरण दिसतं. सरसेनापती होते जनरल ऑकिन्लेक. त्यांची सारी उमेद हिंदी सैन्यात गेलेली, जवानांशी ते पंजाबीत बोलायचे. लाल किल्ल्यातल्या खटल्यात शाहनवाज खान, सहगल आणि धिल्लन दोषी ठरले, जन्मठेपेची शिक्षा सुनावली गेली. बहुतेक ब्रिटिश अधिकाऱ्यांना ती शिक्षा झालेली हवी होती. त्यांच्या दृष्टीने हे तिघे शपथ मोडणारे. ऑकिन्लेक यांनाही शपथ मोडणं मान्य नव्हतं. तरी ३ जानेवारी १९४६ ला त्यांनी जन्मठेप माफ केली, सैन्यातून बडतर्फी मात्र कायम ठेवली. फेब्रुवारीत त्यांनी आपल्या वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांना गोपनीय पत्र लिहून कारण समजावलं. शिक्षा अमलात आणली असती तर देशात गोंधळ माजला असता आणि सैन्यात फूट आणि बंड होण्याची शक्यता होती, असा त्यांचा हिशेब होता.

ते संत नव्हते, साम्राज्याचे नोकर होते. पण रागाच्या आणि निर्णयाच्या मध्ये त्यांनी थोडी जागा ठेवली. समोरच्याला काय वाटतंय, हे स्वतःला पटत नसतानाही मोजलं. मला सजगतेचा अर्थ विचाराल तर तो मी असा सांगेन.

हा शब्द आता फार वापरला जातो, म्हणून त्याच्या मुळाकडे जाऊ. बौद्ध परंपरेतला पाली शब्द आहे ‘सति’, म्हणजे संस्कृतातली ‘स्मृती’. भान असणं, आपण आत्ता कुठे आहोत आणि मनात काय चाललंय याची आठवण असणं. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात दहा दिवस बसून आलेले लोक तुमच्याही ओळखीत असतील. पण आपल्याला याहून जवळचा एक शब्द आहे. लग्नात भटजी म्हणतात ‘सावधान’. परेडच्या मैदानावर आम्ही ओरडतो ‘सावधान’. अवधानासह, लक्ष देऊन उभा राहा, एवढाच त्याचा अर्थ. तीस वर्षं मी हा शब्द दुसऱ्यांवर ओरडलो. स्वतःला तो म्हणायला मला एक किंमत मोजून शिकावं लागलं. माझ्यापेक्षा जास्त किंमत दुसऱ्याने मोजली.

कॅप्टन होतो. उत्तर सीमेवर, चौदा हजार फुटांवर, थंडीत. टेलिफोनची लाइन वारंवार तुटत होती आणि वरून मला बोलणी बसत होती. एका संध्याकाळी लाइन पार्टीचा नाईक परत आला, काम अर्धवट. मी त्याला आठ-नऊ जणांसमोर जे बोललो ते इथे सांगण्यासारखं नाही. त्याच्या हातमोज्यावर बर्फ गोठलेलं होतं, ते मी पाहिलं आणि तरी बोललो.

त्यानंतर तुकडी फार शिस्तीत वागू लागली. मला वाटलं, औषध लागू पडलं. काहीही विचारलं की उत्तर एकच, "सब ठीक है, साहब." लाइनवाले आणि रेडिओवाले एकमेकांवर ढकलाढकली करू लागले, कारण दोष ज्याच्या अंगावर येईल त्याचं काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. तीनेक आठवड्यांनी एका रात्री जनरेटर बंद पडला. डिझेल थंडीने घट्ट होत चाललंय हे ऑपरेटरला संध्याकाळीच दिसलं होतं. त्याने मला सांगितलं नाही. आमचा संपर्क साडेतीन तास तुटला. त्या वेळात वरच्या चौकीवरून एका हिमदंश झालेल्या जवानाला खाली आणायचा संदेश अडकून पडला. जवान वाचला, त्याच्या पायाची दोन बोटं गेली. साडेतीन तासांनी फरक पडला असता का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मला तो प्रश्न अजून सुटलेला नाही.

सकाळी आमचे सुभेदार साहेब आले. वयाने माझ्या वडिलांसारखे. चहाचा मग हातात देऊन म्हणाले, "साहब, उस दिन तार टूटी थी, गाली आदमी को पड़ी. अब तार की खबर कौन देगा?"

सिग्नलमध्ये नव्या पोराला पहिल्या आठवड्यात एक गोष्ट शिकवतात. हँडसेटवर एक बटण असतं, आम्ही त्याला प्रेसल म्हणतो. ते दाबायचं, क्षणभर थांबायचं, मग बोलायचं. लगेच बोललात तर पहिला शब्द कापला जातो. आणि बटण दाबलेलं असेपर्यंत तुम्हाला पलीकडचं काही ऐकू येत नाही. ऐकायचं तर बोट उचलावं लागतं. मी हे शेकडो मुलांना शिकवलं होतं.

त्या दिवशी संध्याकाळच्या हजेरीला मी नाईकाची माफी मागितली, ज्यांच्यासमोर बोललो होतो त्यांच्यासमोरच. शिस्त कोसळली नाही. पण तुकडी मोकळेपणाने बोलू लागायला दोन महिने गेले. शिवी द्यायला अर्धं मिनिट लागलं होतं.

तर मी भाच्याला काय सांगितलं? तीन गोष्टी. एक, काम बिघडलं तर कडक बोल, पण कामाबद्दल बोल, माणसाबद्दल नको. किंगचं शेऱ्यांबद्दलचं म्हणणं बरोबर होतं आणि त्याच्या शब्दांनी ते बुडालं. दोन, लेखी तक्रार आली म्हणजे लोकांचा अजून तुझ्यावर आणि नियमावर विश्वास आहे. ‘तलवार’वर तो विश्वास दहा दिवस टिकला होता. सुरुवात कोणी केली हे शोधायला लागलास की तो संपला. तीन, तो मनःशांतीचा वर्ग. खालच्या माणसाला श्वास मोजायला शिकवायचं आणि वरच्याने बोलणं तसंच चालू ठेवायचं, ही अपमान गिळायची तालीम झाली. त्या वर्गात पहिल्या रांगेत तू बसायला हवंस. ज्याच्या हातात अधिकार, त्याने आधी सावधान व्हायचं.

तो म्हणाला, "मामा, माफी मागितली तर मी कमजोर दिसेन."

मी म्हटलं, "पहिले पाच मिनिटं दिसशील."

मंगळवारी त्याचा फोन आला. सोमवारी त्याने अकराही जणांसमोर आपली चूक कबूल केली. चौघांपैकी दोघांनी तरीही दुसऱ्या टीममध्ये बदली मागितली आणि त्याने ती अडवली नाही. त्याला वाईट वाटलं होतं, आवाजावरून कळत होतं. मी समजूत घातली नाही. काही गोष्टी बोलून झाल्यावर परत घेता येत नाहीत, हे त्याला कळणं गरजेचं होतं.

मुंबईला गेलात तर कुलाब्यात नौदलाच्या उठावाचं स्मारक आहे. पाच मिनिटं तिथे थांबा. त्या मुलांना वंदन करा. आणि तुमच्या हाताखाली कोणी काम करत असेल, घरात असो की कचेरीत, तर त्या तक्रारी घेऊन शनिवारी साहेबासमोर उभ्या राहिलेल्या पोरांची आठवण ठेवा.

जय हिंद.